पत्रिकेवर सुलेखन फॉन्ट तुटतो तेव्हा

“भाऊ, मन्ही आंडेरनं नाव तुटी गयं.” म्हणजे, माझ्या मुलीचं नाव तुटलं.

एप्रिलच्या भर दुपारी एक काका पत्रिकांचा गठ्ठा काउंटरवर ठेवून एवढंच बोलले. ते भांडले असते तर मलाही भांडता आलं असतं. वरची पत्रिका उचलली. मरून कागदावर सोनेरी अक्षरांत ‘ऐश्वर्या’. श आणि व जिथे एकमेकांत शिरतात तिथे सोनेरी रंगच नाही, खालचा मरून दिसतोय. र्या शिरोरेषेला जिथे टेकतो तिथे तसंच दुसरं भोक. ऐच्या मात्रेची बारीक शेपटी तर अर्ध्यातच संपलेली. पत्रिका ३००. कॉम्प्युटरवर फाइल उघडली तर नाव अगदी देखणं, कुठे ओरखडा नाही.

पत्रिका पुन्हा छापून दिल्या, पैसे माझे गेले. तेव्हापासून एक वही ठेवली आहे. सुलेखनाचा, म्हणजे बोरूच्या वळणाचा जाड-बारीक फॉन्ट कधी तुटला, कुठे तुटला, कशाने सुधारला, एवढंच त्यात लिहितो. अमळनेरला छोटं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छपाईला तयार करण्याचं दुकान आहे. पत्रिका, नेमप्लेट, रेडियम (गाडीवर चिकटवायची कापीव अक्षरं), फ्लेक्स, सगळंच करावं लागतं. वहीतून जे निघालं ते असं की आपण ज्याला ‘फॉन्ट तुटला’ म्हणतो ते निदान चार वेगवेगळ्या जागी घडतं: टाइप करताना, फाइल दुसऱ्या मशीनवर गेल्यावर, कर्व्ह केल्यावर (म्हणजे अक्षराचं चित्र केल्यावर) आणि कागदावर. चारही ठिकाणी दिसायला सारखंच दिसतं. म्हणून आपण दर वेळी एकच करतो, फॉन्ट बदलतो. चारपैकी तीन वेळा तो बदलायची गरजच नसते. आणि ग्राहकाने पसंत केलेला फॉन्ट बदलायचा म्हणजे त्याला पारोळ्याहून पुन्हा बोलवायचं.

टाइप करतानाच तुटलं तर

पहिली वेलांटी बघा. ‘निमंत्रण’ लिहिलं आणि वेलांटी न च्या उजवीकडे जाऊन बसली, किंवा जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेलं अक्षर आलं, किंवा मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ आलं, तर बहुतेक वेळा फॉन्ट निर्दोष आहे. देवनागरीत अक्षरं मागेपुढे करणं, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवणं, हे काम सॉफ्टवेअरने करायचं असतं आणि ते झोपलेलं आहे. कोरलमध्ये, म्हणजे आपण डिझाइनला वापरतो त्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये, ही सोय एक्स ६ पासून, म्हणजे २०१२ पासून आली. आपल्याकडे अजून कितीतरी दुकानांत त्याच्या आधीचं कोरल सुखाने नांदतंय. त्यात युनिकोड (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेला) सुलेखन फॉन्ट नीट चालणार नाही. कितीही वेळा काढून पुन्हा टाकला तरी.

फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइपच्या पानावर ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ दिसत असेल तर ते निवडायचं. जुन्या आवृत्तीत तिथेच ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असं लिहिलेलं असतं. ते नवीन फाइलला लागू होतं, म्हणून सेटिंग बदलून जुन्याच फाइलकडे बघत बसू नका. इलस्ट्रेटरमध्ये ‘शो इंडिक ऑप्शन्स’वर खूण करायची. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ घ्यायचा. एवढ्याने काम होतं.

जोडाक्षरं ठीक आहेत पण अक्षरांच्या मधे शिरोरेषा तुटक दिसते, असं असेल तर स्पेसिंग शून्य करा. इंग्रजी डिझाइनची सवय लागलेली पोरं नाव ‘मोकळं’ दिसावं म्हणून अक्षरांतलं अंतर वाढवतात. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर केसभर चढलेली असते, तेवढ्यावरच सगळी ओळ अखंड दिसते. थोडं अंतर वाढवलं की ओळीची आगगाडी सुटलीच. मोबाइलवरच्या डिझाइन ॲपमध्ये तयार टेम्प्लेट घेतलं की हे अंतर आधीच वाढवलेलं असतं, हे लक्षात येत नाही. फोर्स जस्टिफाय केल्यावरही, म्हणजे ओळ दोन्ही कडांपर्यंत ताणल्यावरही तेच.

वर्डमध्ये मॅटर घेऊन येणारे असतात. तिथे वेलांटीचं टोक किंवा रफार वरून सपाट कापलेला दिसला, तर लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’वर आहे. ‘सिंगल’ करा, टोक परत येतं. सुलेखन फॉन्टच्या वेलांट्या नेहमीच्या फॉन्टपेक्षा बऱ्याच वर जातात, त्यांना जागा लागते.

दुसऱ्या मशीनवर उडालं तर

‘फॉन्ट उडाला’ म्हणतात ते हे. इथे फक्त एक गोष्ट तपासा. मॅटर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड आहे; समोरच्याकडे फॉन्ट नाही म्हणून त्याच्या विंडोजने मंगल नाहीतर निर्मला लावून टाकला, एवढंच झालं. त्याला फॉन्ट द्या किंवा फाइल कर्व्ह करून द्या. नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला तर तो जुन्या पद्धतीचा फॉन्ट आहे. त्यात इंग्रजी अक्षरांच्याच खणांत मराठी तुकडे भरलेले असतात: अर्धा श एका खणात, काना दुसऱ्यात. अशा मॅटरला युनिकोड सुलेखन फॉन्ट लावला की एकतर चिवडा दिसतो, नाहीतर नाव एकदम इंग्रजी वळणात येतं. तिथे फॉन्ट बदलून काहीही होणार नाही. कन्व्हर्टरने मॅटर युनिकोडमध्ये आणा आणि मग एकदा डोळ्यांनी वाचा, कारण कन्व्हर्टर रफार आणि ऱ्य यांत हमखास घोळ घालतात.

कर्व्ह केल्यावर भोकं पडली तर

त्या काकांच्या ऐश्वर्याची भोकं ह्या जातीची होती. हे सविस्तर लिहितो, कारण वहीत सगळ्यात जास्त पानं ह्याचीच आहेत.

मघाशी सांगितलं तशी शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर चढलेली असते. सुलेखनाच्या फॉन्टमध्ये तेवढंच नसतं. वेलांटीची शेपटी दोन अक्षरं ओलांडून येते, उकार मागच्या दंडाला छेदतो, काही फॉन्टमध्ये तर एकाच अक्षराचे दोन फटकारे एकावर एक तसेच ठेवलेले असतात. फॉन्ट जोवर फॉन्ट असतो तोवर कॉम्प्युटर ते सगळं एका रंगाने भरतो. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह केलं की ते अक्षर राहत नाही, चित्र होतं, आणि चित्र भरण्याचा नियम वेगळा असू शकतो: एक रेघ ओलांडली की आत, दुसरी ओलांडली की बाहेर. दोन फटकारे जिथे एकमेकांवर येतात तो तुकडा ह्या हिशेबाने ‘बाहेर’ ठरतो आणि रिकामा राहतो. ह्याच नियमामुळे प च्या पोटातली पोकळी पोकळ राहते, म्हणून नियमाला शिव्या देऊन उपयोग नाही.

पण मग माझ्या स्क्रीनवर का दिसलं नाही? कारण मी बघत होतो ती न फोडलेली, म्हणजे कर्व्ह न केलेली फाइल. कर्व्ह केलं होतं नंतर, छपाईला द्यायच्या फाइलमध्ये, आणि सगळं एकत्र कंबाइनही केलं होतं. हे भोक तांदळाच्या कणीएवढं असतं. पूर्ण पत्रिका स्क्रीनवर मावेल असं बघितलं तर दिसणारच नाही. कर्व्ह केल्यानंतर किमान ४०० टक्के मोठं करून नावावरून एकदा फिरा.

उपाय. कोरलमध्ये कर्व्ह केल्यावर ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमध्ये फिलच्या भागात ‘फिल वाइंडिंग’ असतं, त्यावर खूण केली की बहुतेक भोकं जागच्या जागी बुजतात. छपाईपुरतं हे चालतं. रेडियम किंवा लेझर कटिंगला मात्र चालत नाही, कारण प्लॉटरला, म्हणजे कापणाऱ्या मशीनला, रंग दिसत नाही, रेघ दिसते. आत दडलेली प्रत्येक रेघ तो इमानदारीने कापतो आणि गाडीवर चिकटवताना शिरोरेषेचे तुकडे हातात येतात. तिथे वेल्डच लागतं, म्हणजे एकमेकांवर चढलेले तुकडे जोडून एकच आकार करणं. शेपिंगचं डॉकर उघडा, वेल्ड निवडा, ‘वेल्ड टू’ दाबून त्याच ऑब्जेक्टवर क्लिक करा. एकट्या ऑब्जेक्टलाही वेल्ड लागतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट आउटलाइन्स करून पाथफाइंडरचं युनाइट. इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ, मग ग्रुप सोडवा, मग युनियन.

एक चूक मी स्वतः दोन-तीनदा केली आहे. घाईत कंट्रोल-के दाबून सगळं सुटं केलं आणि मग वेल्ड मारलं. भोकं गेली, पण त्यांच्याबरोबर प, ष, ब यांची पोटंही गच्च भरली. ‘बाबासाहेब’ असं नाव असेल तर काय दिसतं ते करून बघा. सुटं न करता वेल्ड करायचं. आणि वेल्डच्या आधी मूळ टाइप केलेल्या मॅटरची एक प्रत वेगळ्या पानावर राखून ठेवायची. मुहूर्ताची वेळ बदलायला लोक रात्री अकराला फोन करतात.

कागदावर बारीक रेघ गेली तर

फाइल निर्मळ, कर्व्ह नीट, तरी पत्रिकेवर मात्रेची शेपटी नाही. इथे साधा हिशेब करा. एक पॉइंट म्हणजे ०.३५३ मिलिमीटर. नाव ३६ पॉइंटला असेल तर अक्षराचा चौकोन १२.७ मिलिमीटर उंच. फॉन्ट बनवणारे त्या चौकोनाचे बहुधा १००० भाग करतात, आणि नाजूक सुलेखन फॉन्टची सगळ्यात बारीक रेघ समजा १५ भाग जाडीची आहे. म्हणजे कागदावर ०.१९ मिलिमीटर. ऑफसेटला हे जमतं. स्क्रीन प्रिंटिंगला (जाळीतून शाई दाबून छापतात ते) ०.३ च्या खाली मी जात नाही, फॉइलला ०.२५ च्या खाली नाही, आणि रेडियममध्ये १ मिलिमीटरपेक्षा बारीक पट्टी सोलताना तुटतेच. हे माझ्या हाताचे आकडे आहेत, तुमच्या स्क्रीनवाल्याचा हात आणखी चांगला असू शकतो. तेच नाव ६० पॉइंटला घेतलं की रेघ ०.३२ वर येते आणि प्रश्न मिटतो. म्हणून पहिला उपाय नाव मोठं करणं. मामा-काकांची यादी ह्या फॉन्टमध्ये लावूच नका. सुलेखन फॉन्ट दोन नावांसाठी आणि फार तर ‘शुभविवाह’साठी, खालच्या चाळीस नावांना साधा फॉन्ट लावला तर कुणी रुसत नाही.

मोठं करायला जागा नसेल तर अक्षराला त्याच रंगाची बारीक आउटलाइन द्या. ०.१५ मिलिमीटरची आउटलाइन दिली की ०.१९ ची रेघ ०.३४ होते, कारण दोन्ही बाजूंनी निम्मी-निम्मी वाढते. कोपरे गोल ठेवा, आणि ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’वर खूण करा, नाहीतर डिझाइन लहान-मोठं केल्यावर आउटलाइन तेवढीच राहते आणि अक्षर सुजल्यासारखं दिसतं. पण आउटलाइनमुळे पोकळ्याही बुजतात. ऐच्या मात्रेमधली फट, क्ष ची गाठ बघून घ्या.

उलटा प्रकार, गडद रंगात पांढरं अक्षर सोडलेलं असेल, तर आणखी जाडी हवी. तिथे शाई चारही बाजूंनी अक्षरात शिरते. त्यातून मरून चार रंगांचा मिळून केलेला असेल आणि एखादी प्लेट किंचित सरकली, तर बारीक रेघ गुलाबी होते किंवा नाहीशी. अशा कामाला मरून एकाच खास शाईचा घ्या.

आता आपल्या भागाचं. पुण्या-मुंबईचे लोक हे सांगणार नाहीत, कारण त्यांना एप्रिल-मेचं जळगाव माहीत नाही. आपला लग्नाचा सगळा हंगाम ४३-४४ डिग्रीत असतो. स्क्रीनच्या जाळीत शाई पडल्या पडल्या सुकायला लागते, आणि आधी बुजतात त्या बारीक रेघांच्या जागा, कारण तिथे शाई मुळात थोडी असते. पहिल्या पन्नास पत्रिका सुंदर आणि पुढे शेपट्या गायब, असं दिसलं की फाइलमध्ये शोधत बसू नका. शाईत रिटार्डर (शाई उशिरा सुकवणारं द्रव) घाला, मधे थांबायचं झालं तर स्क्रीन पुसून ठेवा, आणि सुलेखनाचं काम सकाळी दहाच्या आत उरका. कूलरचा झोत सरळ टेबलावर घेऊ नका. वारा शाई आणखी लवकर सुकवतो आणि ओलीने कागद वाकतो. काकांच्या पत्रिकेत ऐची अर्धी शेपटी ह्यानेच गेली होती. म्हणजे एकाच नावात दोन रोग, आणि मी दोन्हींसाठी फॉन्टलाच दोष देत होतो.

खरंच फॉन्टचीच चूक असेल तर

ती असतेच कधीकधी. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या सजावटी फॉन्टमध्ये ळ हा परका पाहुणा असतो. एकतर नसतोच आणि त्या जागी भलत्याच फॉन्टचा ळ येऊन बसतो, नाहीतर असतो पण घाईत काढलेला. खानदेशात ळ शिवाय पत्ता लिहिता येत नाही: जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, पारोळा. बोलताना आपण डोळ्याचा डोया करतो आणि धुळ्याचं धुये, पण पत्रिकेवर ‘धुये’ छापून चालत नाही.

दुसरी तपासणी शिरोरेषा नसलेल्या फॉन्टसाठी. दिसायला ते फार मोकळे, हल्ली लोकांना आवडतातही. पण वरची रेघ गेली की भ आणि म, ध आणि घ यांच्यातला फरक एका छोट्या वळणावर येतो. एका उद्घाटनाच्या फ्लेक्सवर भुसावळचं ‘मुसावळ’ झालेलं मी लांबून वाचलं आहे. जवळ गेल्यावर भ होता.

तिसरं, ऱ्य आणि ऱ्ह. ‘वऱ्हाडी मंडळी’ प्रत्येक पत्रिकेत येते. फॉन्टमध्ये ती कोयत्यासारखी अर्धी र नसेल तर तिथे रफार चढतो किंवा पाय मोडलेला र दिसतो. आधी टाइप करण्याची पद्धत तपासा: नुक्त्याचा ऱ घेऊन पाय मोडायचा आणि पुढचं अक्षर, इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट-जे वर आहे. साधा र घेऊन पाय मोडला तर रफारच येणार. पद्धत बरोबर असूनही येत नसेल तर त्या फॉन्टला मराठी येत नाही, सोडून द्या.

चौथं सप्तशृंगी. चैत्रात खानदेशातून गडावर पायी जाणाऱ्यांचे फलक आले की हे नाव शंभरदा लिहावं लागतं. श ला ऋकार लावला की जुन्या वळणात त्याचं रूप श्र च्या जवळ जातं, म्हणून लोक ‘श्रृ’ टाइप करतात. त्यात एक र जास्तीचा होतो आणि सुलेखन फॉन्टमध्ये तो सगळा गुंता खालच्या ओळीवर सांडतो. श, मग सरळ ऋकार, एवढंच. फॉन्ट चांगला असेल तर रूप तो स्वतः जुळवतो.

ल आणि श हिंदी वळणाचे येतात अशीही तक्रार असते. चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये मराठी ल-श आत ठेवलेले असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा हिंदी किंवा इंग्रजीच राहिलेली असते.

इंग्रजी पत्रिकेचं एका वाक्यात: स्क्रिप्ट फॉन्टमध्ये सगळं नाव कॅपिटलमध्ये लावू नका. त्या फॉन्टची मोठी अक्षरं एकेकटी उभी राहण्यासाठी काढलेली असतात. सहा ओळीने लावली की वेलींचं जाळं होतं आणि नवरीचं नाव तिच्या वडिलांनाही वाचता येत नाही.

नवीन फॉन्ट घेतला की मी एकच ओळ टाइप करतो: भुसावळ, धुळे, सप्तशृंगी, ऐश्वर्या, वऱ्हाडी, सूर्यवंशी, ज्ञानेश्वर, लक्ष्मी, आशीर्वाद, शुभमुहूर्त. ती कर्व्ह करतो, वेल्ड करतो, ३६ पॉइंटला ट्रेसिंगवर (अर्धपारदर्शक कागदावर) काढतो आणि ट्रेसिंग खिडकीच्या उजेडात धरतो. इथे पास झाला तरच तो फॉन्ट ग्राहकाच्या अल्बममध्ये जातो. गूगल फॉन्ट्सवर ‘अमिता’, ‘कलम’, ‘तिलाना’ हे हाताच्या वळणाचे देवनागरी फॉन्ट मोफत आहेत, व्यवसायाला वापरता येतात. हात बसवायला त्यांच्यापासून सुरुवात करा. कुठूनतरी पेनड्राइव्हवर आलेले, फाइलचं नाव बदललेले फॉन्ट मात्र नकोत. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या मशीनवर असल्या की कुठली उघडते ते आपल्या हातात राहत नाही.

आणि छापून झाल्यावरच कळलं, वेळ उरलेली नाही, तर? काकांना दुसऱ्या दिवशी मामाकडे मूळ (लग्नाचं मानाचं आमंत्रण) द्यायला जायचं होतं, तीस पत्रिका तरी हव्याच होत्या. सोनेरी जेल पेनने भोकं भरून बघितली. मरून कागदावर तो हिरवट पडला. मग स्क्रीनचीच उरलेली सोनेरी शाई बाटलीच्या झाकणात घेतली आणि दातकोरणीच्या टोकाने एकेक ठिपका ठेवला. दोन पत्रिकांमागे दातकोरणी बदलायची, नाहीतर टोक फुगून ठिपका मोठा पडतो. पंखा बंद. अर्ध्या तासात वाळतं, पण पाकिटात रात्रीनंतरच घाला, चिकटतं.